हाक पोहोचली, पण धावून कोण जाणार?

प्रश्न : माझे माहेर बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात आहे. वडील जाऊन चार वर्षे झाली. आई ७४ वर्षांची असून पाच खणांच्या जुन्या माळवदाच्या घरात एकटीच राहते. तिला रक्तदाब आणि मधुमेह आहे. गेल्या आषाढात ती पहाटे न्हाणीत पाय घसरून पडली आणि दूधवाला येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन तास, ओल्या फरशीवर पडून होती. नशिबाने हाड मोडले नाही. त्यानंतर हैदराबादला नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाने ढाळजेत (दारालगतच्या बैठकीत), स्वयंपाकघरात आणि आईच्या झोपण्याच्या खोलीत कॅमेरे बसवले आणि पडल्यास आपोआप फोन लावणारे घड्याळ आणून दिले. आई घड्याळ काढून देवळीत ठेवते, खोलीतल्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकते आणि भावाने विचारले की रडते. शेजारच्या मावशी रोज दुपारी डाळ-तांदूळ निवडायला आमच्या ढाळजेत येऊन बसत, त्याही आता येत नाहीत. ‘तुमच्या पोराला आमचं बोलणं ऐकू जातंय,’ असे त्या म्हणाल्या. भाऊ म्हणतो की आईला कळणार नाही असा छोटा कॅमेरा लावू, नाहीतर पुण्याजवळ ज्येष्ठांसाठीच्या एका नव्या वसाहतीत तिला घर घेऊ, कारण तिथे सगळे सेन्सरवर चालते. मी पुण्यात दोन खोल्यांत राहते. आम्ही काय करावे?
— एक लेक, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले ते तीन तास माझ्या मनातून जात नाहीत आणि तुमच्या भावाच्या मनातूनही गेलेले नसणार, म्हणून आधी त्याच्या बाजूने बोलते. उतारवयात पडणे धोक्याचे असतेच, पण पडून राहणे कधीकधी त्याहून अधिक धोक्याचे ठरते. हाड शाबूत असले तरी कठीण फरशीवर तासन्‌तास एकाच अंगावर पडून राहिल्यास कातडीवर व्रण पडतात, शरीरातले पाणी कमी होते, दबलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते आणि ओल्या अंगात गारठा भरतो. भावाची भीती खरी आहे आणि त्या भीतीपोटी त्याने खर्चही केला आहे. त्याला कोणी दोष देऊ नये.

मात्र हा वेळ दोन तुकड्यांचा असतो, हे त्याच्या ध्यानात आणून द्यावे लागेल. पहिला तुकडा म्हणजे आई पडल्याची बातमी घराबाहेर जाईपर्यंतचा वेळ, आणि दुसरा म्हणजे ती बातमी कळलेले माणूस प्रत्यक्ष न्हाणीच्या दारात येईपर्यंतचा वेळ. बाजारात आलेली सगळी नवी साधने पहिला तुकडा तोडतात. दुसऱ्या तुकड्याचे काय, याचे उत्तर त्यांच्यापैकी एकाच्याही खोक्यात नसते. हैदराबादला बसलेल्या भावाला कॅमेऱ्यात आई पडलेली दिसली, तर तो पुढे फोन कोणाला लावणार आहे? तुमच्या पत्रात कॅमेऱ्यांची संख्या आहे, घड्याळ आहे, वसाहत आहे, पण हे नाव नाही. माझा सगळा सल्ला या नावापासून सुरू होतो.

आणि ते नाव तुमच्या घरात होते. शेजारच्या मावशी रोज दुपारी येत होत्या. एखाद्या दुपारी दार उघडले नसते, तर त्यांनी कडी वाजवली असती, हाका मारल्या असत्या, मागच्या परसातून आत डोकावले असते. ढाळजेतल्या कॅमेऱ्याने त्यांचे येणे बंद केले. तुमच्या आईंच्या सुरक्षेत या काही महिन्यांत पडलेली सर्वांत मोठी फट मला हीच वाटते. ढाळज ही आपल्याकडे घराची आणि गल्लीची सामाईक जागा असते. तिथे बायका सुना-लेकींबद्दल, देण्याघेण्याबद्दल, दुखण्याखुपण्याबद्दल मोकळेपणाने बोलतात, आणि ते बोलणे परगावच्या कोणाच्या फोनमध्ये साठत असेल, तर तिथे न बसण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

आता लपवून कॅमेरा लावण्याविषयी. कृपया तसे करू नका. तुमच्या आई शहाण्यासुरत्या आहेत, आपले घर चालवत आहेत, आणि कपडे बदलताना किंवा अंगाला तेल लावताना आपल्याला कोणी पाहू नये, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. कॅमेऱ्यावरचा टॉवेल हे त्यांनी दिलेले स्पष्ट उत्तर आहे. शिवाय असा कॅमेरा कधी ना कधी सापडतोच, आणि तो सापडला की वृद्ध माणसे एक गोष्ट हमखास करू लागतात : ती आपले दुखणे लपवतात. पुढच्या वेळी आई पडून स्वतः उठल्या, तर ते तुम्हाला सांगणार नाहीत, कारण सांगितले की आणखी एक यंत्र येईल किंवा घर सोडावे लागेल, असे त्यांना वाटेल.

घड्याळ देवळीत का राहते, याचाही राग न धरता विचार करा. या घड्याळात हालचाल मोजणारे बारीक सेन्सर असतात. जोराचा हिसका, लगेच आपटल्याचा धक्का आणि त्यानंतरची निश्चलता, असा क्रम दिसला की घड्याळ आधी विचारते आणि उत्तर आले नाही, तर ठरवलेल्या क्रमांकांना फोन लावते किंवा संदेश पाठवते. ॲपलने ही सोय २०१८ मध्ये आपल्या घड्याळात आणली आणि पुढे इतर कंपन्यांच्या घड्याळांतही ती आली. ती उपयोगी आहे, यात शंका नाही. पण म्हातारी माणसे पुष्कळदा धाडकन पडत नाहीत. भिंतीला धरून हळूहळू खाली सरकतात, बाजेच्या कडेवरून घसरतात, आणि असे सावकाश पडणे घड्याळाच्या नजरेतून निसटू शकते. दुसरे असे, की न्हाणीत जाताना बाई घड्याळ काढून ठेवणार, कारण पाण्याने वस्तू बिघडते असे त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे. म्हणजे जिथे पडण्याची भीती अधिक, नेमके तिथेच घड्याळ हातावर नसते. तुमचे घड्याळ पाण्यात चालणारे आहे का ते पाहा, आणि असेल तर एकदा आईंच्या समोर तांब्यातल्या पाण्यात बुडवून दाखवा. तोंडी सांगण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होईल. चार्जिंगसाठी जेवणाची वेळ ठरवून द्या.

अंगावर काही घालावे लागू नये आणि चित्रही निघू नये, अशी साधने आता येत आहेत आणि यापुढच्या काळात त्यांचाच जोर राहील, असे मला वाटते. त्यांतील एक म्हणजे छताला किंवा भिंतीला लावायचा छोटा रडार. तो सूक्ष्म लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींवरून खोलीतले माणूस उभे आहे, बसले आहे की जमिनीवर निपचित आहे, याचा अंदाज करतो. अंधार किंवा वाफ यांनी त्याचे फारसे अडत नाही आणि चेहरा, कपडे काहीच त्याला दिसत नाही. न्हाणीसाठी ही कल्पना कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी सभ्य आहे. अडचण एवढीच, की यांतील बहुतेक यंत्रे खुर्चीवर बसणाऱ्या आणि पलंगावर झोपणाऱ्या माणसांची घरे डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली असतात. आपली माणसे जमिनीवर बसून भाजी चिरतात, पाटावर बसून आंघोळ करतात आणि उन्हाळ्याच्या दुपारी उघड्या फरशीवर उशाला हात घेऊन पडतात. त्यामुळे असे यंत्र मधल्या खोलीत लावले, तर ते दिवसातून चार वेळा खोटी ओरड करील आणि आठवड्याभरात तुमचा भाऊ त्याचा आवाज बंद करून टाकील. न्हाणीपुरतेच लावायचे असेल तर विचार करा, आणि विक्रेत्याला पाटावर बसून आंघोळ केल्यास काय होते ते प्रत्यक्ष दाखवायला सांगा.

मला सर्वांत भावते ते दुसरे एक वळण. जपानमध्ये २००१ साली झोजिरुशी या कंपनीने चहासाठी पाणी तापवणारे एक विजेचे भांडे आणले. घरातल्या वृद्ध माणसाने ते वापरले की त्याची नोंद दूरच्या मुलांना ई-मेलने जात असे. सकाळी चहा झाला, म्हणजे आई उठली आहे. आई काय करते हे कोणी पाहत नाही, ती आपल्या रोजच्या क्रमाने चालली आहे एवढेच कळते. आजची नवी यंत्रणा याच कल्पनेवर उभी आहे. दाराला, फ्रिजला, न्हाणीच्या वाटेवर छोटे सेन्सर लावले जातात, दोन-चार आठवड्यांत संगणक घरातल्या माणसाचा नेम शिकून घेतो आणि नेम मोडला की कळवतो. रात्रीतून एकदा उठणारे माणूस अचानक पाच वेळा उठू लागले, तर लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्गाची किंवा वाढलेल्या साखरेची ती पहिली खूण असू शकते. तुमच्या आईंसाठी इतका पसारा लागणार नाही. न्हाणीच्या दाराला एक आणि स्वयंपाकघरात एक, एवढे दोन सेन्सर पुरतील : पहाटे न्हाणीचे दार उघडले आणि अर्ध्या तासात स्वयंपाकघरात हालचाल दिसली नाही, तर फोन यावा.

पण काहीही विकत घेण्याआधी घराकडे पाहा. माळवदाच्या घराच्या भिंती दोन-दोन हात जाडीच्या असतात, आणि ढाळजेत ठेवलेल्या वायफायचा सिग्नल मागच्या न्हाणीपर्यंत जाईल, हे मुळीच गृहीत धरू नका. स्वतःचा फोन घेऊन पाटावर बसा आणि किती कांड्या दिसतात ते मोजा. वीज गेली की राउटर बंद पडतो, आणि तुमच्याकडे पावसाळ्यात व उन्हाळ्यात वीज कशी जाते, ते तुम्हाला मी सांगायला नको. राउटरला छोटा बॅटरी बॅकअप जोडा, किंवा सिमकार्डावर आणि स्वतःच्या बॅटरीवर चालणारे साधन घ्या, तेही गावात ज्या कंपनीचा टॉवर चांगला पकडतो त्याच कंपनीच्या सिमवर.

स्वतःचा एक अनुभव सांगते. माझ्या सासऱ्यांसाठी आम्ही गळ्यात घालायचे एक बटण घेतले होते. ते दाबले की एका मदत केंद्रातून बोलणे व्हायचे. परभणीच्या घरी एका दुपारी त्यांना घेरी आली आणि त्यांनी बटण दाबले. पलीकडची मुलगी हिंदीत त्रास काय होतो ते विचारत होती. सासरे म्हणत होते, ‘मला गरगरायलंय.’ तिने तीनदा विचारले, त्यांनी तीनदा तेच सांगितले, आणि शेवटी त्यांनीच बटण गळ्यातून काढून बाजूला ठेवले. तोपर्यंत आमची शेजारीण त्यांचा चढलेला आवाज ऐकून आत आली होती. ती मुलगी आपले काम नीट करत होती, पण ‘गरगरायलंय’ हा शब्द तिच्यापर्यंत पोहोचला नाही. आवाजावर चालणाऱ्या नव्या यंत्रांचीही आपल्या भागात हीच परीक्षा आहे. फोनमधल्या सहायकाला मराठी समजते, हे खरे आहे, पण ‘कळ यायली’, ‘गळून गेल्यावानी व्हायलंय’ हे त्याला समजते का, हे आईंच्याच आवाजात करून पाहा.

तेव्हा आता ते नाव ठरवू या, किंवा खरे तर नावे ठरवू या, कारण एक पुरणार नाही. तुमच्या तालुक्यातले वर्षाचे चक्र तुम्हाला माहीत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गल्लीतली निम्मी घरे ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत कुलूप राहते. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी पोरे. पावसाळ्यात जो शेजारी दोन मिनिटांत धावून येईल, तोच पौषात कुठल्याशा कारखान्याच्या तळावर असेल. म्हणून दोन याद्या करा, एक हंगामाची आणि एक बिगरहंगामाची, आणि प्रत्येकीत चालत पाच मिनिटांत पोहोचतील अशी तीन माणसे घ्या. त्यांना आधी विचारा. घराची एक किल्ली मावशींकडे द्या, कारण आतून कडी लावलेली असली तर धावून आलेले माणूस बाहेरच उभे राहते. कडीऐवजी बाहेरून किल्लीने उघडता येईल असे कुलूप मुख्य दाराला बसवा, आणि न्हाणीचे दार आतून न लावण्याची सवय आईंनी करावी. (ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी यांतले एकही साधन कोणी आणून देत नाही, हे लिहिताना मला फार लागते. तुमच्या आईंच्या घरी मदतीसाठी जी घंटी बसेल, तशीच एक शेजारच्या अशा एखाद्या घरातही बसवून द्या.)

ही घंटी म्हणजे काय, ते सांगते. दारावर लावतात तशी बॅटरीवरची बिनतारी घंटी घ्या. तिचे बटण न्हाणीत फरशीपासून वीतभर उंचीवर लावा, म्हणजे पडलेल्या माणसाचा हात तिथे पोहोचेल, आणि वाजणारा भाग मावशींच्या घरी ठेवा. पाणी आत जाणार नाही असे बटण निवडा आणि जाड भिंतीतून ते वाजते का, हे दहा वेळा तपासा. परदेशातल्या वृद्धनिवासांत न्हाणीघरात जमिनीपर्यंत लोंबणारी दोरी असते, तिचेच हे रूप आहे. माझ्या यादीत हे पहिले आहे, घड्याळ दुसरे आणि सेन्सर तिसरे.

यंत्रांच्या गडबडीत एक प्रश्न राहून गेला आहे, तो म्हणजे आई मुळात पडल्या का? पाय घसरला, असे त्या सांगतात. पण पहाटे उठल्याबरोबर पडणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत दोन शक्यता डॉक्टरांनी तपासायलाच हव्यात. पहिली, उठून उभे राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरणे. झोपलेले असताना आणि उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत असा दोनदा रक्तदाब मोजावा, आणि वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर गोळ्यांचा डोस किंवा वेळ बदलावी लागू शकते. दुसरी, पहाटे साखर खाली जाणे. दंडाला चिकटवायचा एक छोटा सेन्सर आता मिळतो, जो दहा-चौदा दिवस रात्रंदिवस साखरेची नोंद ठेवतो. तो कायमचा लावण्याची गरज नाही, पण पहाटेचे चित्र एकदा समजून घेण्यासाठी डॉक्टरांना विचारून वापरावा. माझ्या मते तुमच्या आईंसाठी सर्वांत मोलाचे नवे तंत्रज्ञान हेच ठरेल, कारण ते पडण्याच्या आधी काम करते. तपासणीसाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय तुम्हाला जवळ आहे. पुढच्या लहानसहान विचारपुशीसाठी ई-संजीवनी या सरकारी सेवेतून दूरस्थ सल्ला मिळतो, आणि गावच्या उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी तो जोडून देऊ शकतात. डोळ्यांत मोतीबिंदू आहे का, तेही याच फेरीत पाहून घ्या. न्हाणीत भिंतीला घट्ट धरायचा दांडा, खरबरीत फरशी, पाटाऐवजी उंच स्टूल आणि बाजेपासून न्हाणीपर्यंत रात्रभर जळणारा मंद दिवा ही कामे गावातला गवंडी आणि वायरमन दोन दिवसांत करतील.

बोलणाऱ्या आणि कुरवाळायच्या यंत्रमानवांविषयी बातम्या येतात, म्हणून एवढेच लिहिते. जपानमध्ये तयार झालेला पारो नावाचा सीलच्या पिल्लासारखा यंत्रप्राणी स्मृतिभ्रंश झालेल्यांना शांत करण्यासाठी अनेक देशांत वापरला जातो. ज्याच्या जवळ कोणीच नाही, त्याला त्याचा आधार होत असेल. तुमच्या आईंना मावशी आहेत.

राहिला पुण्याजवळच्या वसाहतीचा प्रश्न. अशा वसाहती वाढत आहेत, त्यांतल्या काही चांगल्या आहेत, आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये निवृत्तांच्या निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वेही काढली आहेत. पण माहितीपत्रकात सेन्सर किती आहेत हे वाचू नका. रात्री नऊनंतर तिथे जा, एखाद्या रिकाम्या घरातले आपत्कालीन बटण दाबायला सांगा आणि माणूस दारात यायला किती मिनिटे लागतात ते घड्याळात पाहा. रात्रपाळीला किती परिचारिका आणि किती मदतनीस असतात, आई अंथरुणाला खिळल्या तर त्यांना ठेवून घेणार की घरी न्यायला सांगणार, सोडून जायचे झाल्यास ठेव कधी परत मिळेल, हे लेखी मागा. आणि आईंना पंधरा दिवस राहून पाहू द्या. आयुष्यभर परसात तुळस आणि ढाळजेत शेजारणी असलेल्या बाईला तिसऱ्या मजल्यावरचा निर्धोक फ्लॅट मानवेलच असे नाही, आणि मानवणारच नाही असेही नाही. काही बाया अशा ठिकाणी भजनी मंडळात खुलताना मी पाहिल्या आहेत. ठरवायचे आईंनी आहे. पुढे स्मरणशक्ती कमी होऊ लागली किंवा त्यांना एकटीने उठणे-बसणे जमेनासे झाले, तर हा प्रश्न वेगळ्या रीतीने समोर येईल, आणि तेव्हा घरी माणूस ठेवणे किंवा त्यांना हलवणे टाळता येणार नाही, हे तुम्हा दोघांनाही आतापासून माहीत असलेले बरे.

दोन कामे याच महिन्यात उरका. आईंचे वय ७० च्या पुढे आहे, त्यामुळे २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या आयुष्मान वय वंदना कार्डासाठी त्या उत्पन्नाची अट न लागता पात्र आहेत. योजनेतील रुग्णालयांत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण त्यात मिळते. कार्ड काढा आणि योजनेतले जवळचे रुग्णालय कोणते, ते दुखणे येण्यापूर्वी विचारून ठेवा. दुसरे, १०८ ही रुग्णवाहिका आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी, हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून घंटीच्या वाजणाऱ्या भागाशेजारी, मावशींच्या भिंतीवर लावा.

झोपण्याच्या खोलीतला कॅमेरा भावाने स्वतः गावी जाऊन, आईंच्या समोर काढावा. स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्याचे काय करायचे, ते आईंना विचारावे, आणि त्यांनी ठेवायला हरकत नाही असे सांगितले, तर त्याचा आवाज टिपण्याचा भाग बंद करून कंपनीने दिलेला पासवर्ड बदलावा. ढाळजेतल्या कॅमेऱ्यासाठी मात्र भाऊ गावी जाण्याची वाट पाहू नका. आज संध्याकाळी आईंना फोन लावा, मावशींना बोलावून घ्यायला सांगा आणि तो कॅमेरा उद्याच काढून ठेवणार असल्याचे दोघींच्या कानावर घाला.